बटणाचं घर

माझ्या हातून काही धड होणार नाही, याबद्दल आमच्या घरात कधी मतभेद नव्हता. दुधाचं पातेलं माझ्याकडे दिलं की आई पाठोपाठ फडकं घेऊन यायची. पुढे मॅट्रिक झाले आणि मला दाखवायला सुरुवात झाली, तेव्हा पाहुण्यांची नजर पडेल अशा बेतानं ओटीवर भरतकामाची एक चौकट टांगण्यात आली. दोन पोपट आणि मधे कमळ. "मुलीच्या हातचं," असं आई म्हणायची. ते खोटं नव्हतं. फक्त ती मुलगी म्हणजे माझी आतेबहीण होती.

राजापूरहून आलेल्या एक बाई त्या चौकटीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या आणि त्यांनी मला विचारलं, "पोपटाला हा कुठला टाका घातलायस गो?"

मी म्हटलं, "हिरवा."

त्या स्थळाकडून पुढे काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं माझं बखोट धरलं आणि रस्ता ओलांडून समोरच्या शिंप्याच्या दुकानात नेऊन उभं केलं.

मांडवी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, आमच्या घराच्या समोरच ते दुकान होतं. पुढे पडवीत दोन मशीनं, मागे राहायच्या दोन खोल्या. शिंपी मूळचे गोव्याचे, ख्रिश्चन. रत्नागिरीत येऊन त्यांना इतकी वर्षं झाली होती की त्यांच्या कोटांशिवाय गावात लग्न लागत नसे. शाळेतल्यांना जसं आम्ही मास्तर म्हणायचो तसंच त्यांनाही मास्तर म्हणायचो, आणि मास्तरांची बायको म्हणून ती मास्तरीण. कापणं आणि मशीन मास्तरांकडे, हातशिलाई तिच्याकडे. विशेषतः काजं. मास्तरांच्या दुकानाचा कोट दुरूनही ओळखू यायचा असं लोक म्हणत, आणि जवळ आलं की ओळख पटायची ती काजांवरून.

आईनं तिला सांगितलं, "हिला काहीतरी शिकव बाई. काहीही चालेल."

मास्तरणीनं माझे हात उलटेपालटे करून बघितले, भाजीवालीकडची वांगी बघावीत तसे. "काज शिकोव्या," ती म्हणाली. "एकच टाको. चुकूंक कितें आसा?"

चुकायला काय आहे ते मी तिला पुढचे काही महिने दाखवत राहिले. काज म्हणजे नुसतं भोक नव्हे. खडूची रेघ मारायची, तिच्यावर कात्रीचा एकच काप द्यायचा, कापाच्या कडेला जाड दोरा धरायचा आणि मेणातून ओढलेल्या रेशमी दोऱ्यानं त्याच्यावरून टाके घालत जायचे. प्रत्येक टाक्याची गाठ नेमकी काठावर बसली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. चिंधीवर केलेलं माझं पहिलं काज आ वासून पडलेल्या बांगड्यासारखं दिसत होतं. दुसरं शिवून इतकं घट्ट झालं की त्यातून बटण तर सोडाच, वाराही गेला नसता. मास्तरणीनं ते मास्तरांकडे दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चिंधी उजेडाकडे धरली आणि फार सौम्यपणे म्हणाले, "हें काज न्हय, बाय. हें बुराक."

बुराक म्हणजे भोक. तो शब्द मला नवा होता, पण अर्थ विचारावा लागला नाही.

आता त्या 'काज' शब्दाचं सांगते, कारण आमच्या ओटीवर त्यावरून एक संध्याकाळ चांगली खर्ची पडली होती. माझे वडील कचेरीत कारकून. संस्कृताची त्यांना गोडी. मी काज शिकते हे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं शब्दापुरतंच होतं. "काज म्हणजे कार्य," ते म्हणाले. "राजकाज, देवकाज, कामकाज. उत्तम शब्द आहे. हिला शेवटी काहीतरी काज मिळालं."

मास्तरीण आईकडे विरजण मागायला आली होती. ती पायरीवरच टेकली आणि म्हणाली, "ना हो भाऊसाहेब. काज म्हळ्यार घर."

"घर?"

"आमच्या पाद्रीच्या पुर्तुगेज भाशेंत. कासा. कासा म्हळ्यार घर. काज म्हणजे बटणाचें घर. बटण दीसभर भोंवता आनी सांजेर घरा येता."

वडिलांना हे पटायला वेळ लागला. त्यांनी कार्य, कज्ज, काज अशी साखळी तिला समजावून सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "तें तुमचें काज. हें माझें." मग तिनं आणखी एक सांगितलं. त्यांच्यात लग्नाला काजार म्हणतात. तेही त्या घरावरूनच आलेलं. काजार झालं म्हणजे माणसाला घर झालं.

शेजारचे सारंगचाचा आमच्या झोपाळ्यावर बसून पान जमवत होते. ते आगबोटीवर सारंग होते, म्हणजे खलाशांचे मुकादम, आणि तेव्हा सुट्टीवर आले होते. ते म्हणाले, "कलकत्त्याच्या गोदीवर उतरलं की पहिला शब्द कानावर येतो तो काज. सकाळी माणसं रांगेनं उभी. काज आहे का? आहे. काज नाही? मग चला घरी. तिकडे साध्या मजुरीला काज म्हणतात." मग त्यांनी माझ्या हातातली चिंधी घेतली, दोन्ही बाजूंनी पाहिली आणि म्हणाले, "आमच्या मौलवीसाहेबांनी आणि एक शिकवलेलं. फारसीत कज म्हणजे वाकडं. पोरीनं केलेलं हे फारसीतलं आहे, भाऊसाहेब."

सगळे हसले, मीही हसले. वडील शेवटी म्हणाले, "म्हणजे शब्द एकच दिसतो, पण माणसं निरनिराळ्या गावांहून आली आणि एकाच बाकावर बसली, तसं झालंय." मला त्या दिवशी ते फारसं महत्त्वाचं वाटलं नाही. त्या बाकावर पाचवी मी बसले होते आणि माझ्याकडे कुठलाच अर्थ नव्हता.

मास्तरीण काजार हा शब्द इतक्या वेळा का काढते, ते मात्र थोड्याच दिवसांत सगळ्या आळीला कळलं. त्यांची एकुलती एक मुलगी गोव्यात मास्तरणीच्या आईकडे वाढली होती. तिचं लग्न ठरलं. मुलगा सुतारकाम करणारा, चांगल्या घरचा. काजार वैशाखात, पाऊस लागायच्या आत.

एरवी यात काळजीचं काही नव्हतं. मांडवीवरून बोट धरायची आणि पणजीला उतरायचं. पण ते वर्ष तसं नव्हतं. गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि तिकडची वाट आवळत चालली होती. बोट पणजीपर्यंत जाईनाशी झाली होती. एसटीनं बांद्यापर्यंत जायचं आणि तिथून हद्दीपर्यंत पायी, तेही परवाना असेल तर. मास्तरांनी दोघांच्या परवान्यासाठी खटपट केली, माझ्या वडिलांनी त्यांचे अर्ज लिहून दिले. परवाना आला तो एकटीचा. नवरीच्या आईला सोडत होते, बापाला नाही. का नाही, ते कोणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी कपाटातून काळ्या सर्जचा एक तुकडा काढला. तो त्यांनी बरीच वर्षं कागदात गुंडाळून ठेवला होता. कोणासाठी ते आम्हाला तेव्हा कळलं. मुलाचं माप आलेलं होतं. त्यांनी टेबल पुसलं, कापड पसरलं, खडू उगाळून टोकदार केला. आई खिडकीतून बघत होती. ती मला म्हणाली, "त्यांना जाता येत नाही ना, मग कोट जाईल."

कोट जायला हवा होता, म्हणजे त्याबरोबर मास्तरीण वेळेवर पोचायला हवी होती. परवान्याची मुदत थोडी, लग्न त्या मुदतीच्या अगदी कडेला. आणि नेमक्या त्याच आठवड्यात मास्तरणीच्या उजव्या हाताच्या बोटाला नखुरडं झालं.

ज्यांना नखुरडं झालंय त्यांना सांगायला नको. बोट वांग्यासारखं सुजलं. आईनं तिच्या बोटावर लिंबाची टोपी चढवली. लिंबाचं डोकं कापायचं, आत हळद भरायची आणि बोट त्यात खुपसून ठेवायचं. असं पिवळं बोट वर धरून मास्तरीण दिवसभर कोणाला तरी वाट दाखवत असल्यासारखी बसायची. सुई धरणं शक्यच नव्हतं. कोट शिवून झाला होता, अस्तर लागलं होतं, पुढची तीन काजं तेवढी राहिली होती.

मास्तरांनी स्वतः करून पाहिलं, चिंधीवर. जवळचं दिसत नव्हतं आणि हातही त्या कामातून सुटलेला. त्यांनी ती चिंधी मलाच दाखवली. म्हणाले, "बुराक."

बाजारपेठेत दुसरा शिंपी होता. मास्तरणीनं त्याचं नाव काढलं. मास्तर म्हणाले, "माझ्या जावयाच्या कोटाला त्याचा हात?" एवढंच म्हणाले, पण ते ऐकून मशीनसुद्धा गप्प बसलं असतं. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे बघितलं. मला निवडलं असं मी म्हणणार नाही. तो शिंपी आणि मी, यांत थोडक्यानं मी उरले.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं, कारण भीतीनं माणसाला फार बारीक दिसायला लागतं. पडवीच्या दारातल्या उजेडात मला बसवलं. माझ्या मांडीवर पांढरा धुतलेला पंचा, त्यावर तो कोट. एवढं चांगलं कापड मी कधी हातात धरलं नव्हतं. मास्तरीण माझ्या मागे स्टुलावर, तिचं लिंबू माझ्या कानाजवळ. आई आली होती, फडकं घेऊन, सवयीनं. कात्री मी हातात घेतली तशी मास्तर उठले, रस्त्यावर गेले आणि दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. जाणाऱ्याला वाटावं, बोटीची वाट बघताहेत.

"काप," मास्तरीण म्हणाली.

"चुकलं तर?"

"चुकलें जाल्यार चुकलें. कापल्याबगर काज जायना."

"पण परत सांधता येणार नाही."

"ना येयना. म्हूण तर एकदां बरें पळेवन काप. भियेनाका."

आणि तिनं डावा तळवा माझ्या पाठीवर ठेवला. धरला नाही, ढकललं नाही, नुसता ठेवला. मी कापलं.

काप सरळ आला. मला अजून त्याचं नवल वाटतं. मग मास्तरीण टाका टाका सांगत गेली, "ओड... इतलें न्हय... गांठ काठार... आतां फुडें," आणि मी घालत गेले. आई बहुतेक श्वास रोखून बसली होती, कारण पहिलं काज पुरं झालं तेव्हा तिनं सोडलेला सुस्कारा मला मानेवर लागला. दुसरं झालं. तिसरं झालं तोवर ऊन पायरीवरून खाली उतरलं होतं. मास्तरणीनं मास्तरांना हाक मारली. ते आत आले, चष्मा कपाळावर सरकवला आणि तिन्ही काजांवरून अंगठा फिरवला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी खिशातून बटणं काढून माझ्या हातात दिली.

बुराक म्हणाले नाहीत, यातच मी काय ते समजले. आजवर मला घरात पाटपाणी आणि निवडणं-टिपणं यापलीकडे कोणी काम दिलं नव्हतं, आणि तेही 'जपून' असं दोनदा बजावून. ज्या कोटातून एक बाप आपल्या मुलीच्या लग्नाला जाणार होता, तो कोट त्या दोघांनी माझ्या मांडीवर ठेवला. नाइलाजानं ठेवला, ते मला माहीत आहे. पण ठेवला.

कोट तयार झाला आणि मग कळलं की तो नेता येणार नाही.

बांद्याकडून आलेल्या कोणी सांगितलं, नाक्यावर नवं काही पलीकडे जाऊ देत नाहीत. नवं कापड, नवे कपडे, सगळं काढून घेतात. एका बाईचं कोरं लुगडं ठेवून घेतलं. अंगावरचं जुनंपानं असेल ते चालतं.

मास्तरणीचा चेहरा उतरला. आमच्या ओटीवरच बसली होती. झोपाळा थांबवून सारंगचाचा म्हणाले, "मग जुना करा."

"काय?"

"कोट हो. अंगावरचं कोण काढत नाही. मी एडनहून तीन तीन बंड्या अंगात घालून उतरलोय. वहिनींनी कोट झग्यावर चढवायचा आणि चालायला लागायचं. नवऱ्याचा जुना कोट घालणाऱ्या बायका काय कमी आहेत? बोट सुजलेलं आहेच, म्हणावं ताप भरलाय, थंडी वाजते."

"वैशाखात?" आई म्हणाली.

"तापाला वैशाख आणि पौष सारखाच, भाभी."

"पण तो जुना दिसत नाही," वडील म्हणाले. खरंच होतं. पडवीत टांगलेला तो कोट रस्त्यावरूनसुद्धा नवा कोरा दिसत होता. इस्त्रीची धार अशी की हात कापावा.

सगळ्यांनी मास्तरांकडे बघितलं. जन्मभर या माणसानं गिऱ्हाइकाला कोट देताना खांद्यावरचा धागा फुंकून काढला होता. ते दुकानात गेले, कोट घेऊन आले आणि माझ्या वडिलांपुढे धरला. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "तुमी घालशात?"

त्यानंतरचे दोन-तीन दिवस आमच्या आळीनं तो कोट वापरला. जावई उंच आणि रुंद. माझे वडील बांबूसारखे. पहिल्या दिवशी ते तो घालून कचेरीत गेले, वैशाखाच्या उन्हात, वर टोपी, खाली धोतर. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते म्हणाले, "नाही साहेब, काज आहे." साहेबांना वाटलं घरी काही देवकार्य आहे, आणि त्यांनी वडिलांना लवकर घरी सोडलं. संध्याकाळी कोट उतरवला तेव्हा पाठीला मिठाच्या रेघा उमटल्या होत्या. मास्तरांनी त्या पाहिल्या आणि मान वळवली. पण म्हणाले, "बरें जालें."

दुसऱ्या दिवशी सारंगचाचांनी नेला. जेटीवर गेले, मासळीच्या लिलावाला उभे राहिले, येताना कोट खांद्यावर टाकून आले. मास्तर पायरीवर वाट बघतच होते. त्यांनी बाही नाकाशी नेली.

"सुरमई," चाचा म्हणाले. "बांगड्याला हात नाही लावला. लग्नाचा कोट आहे, मला काय कळत नाही?"

आईनं कोपरांवर करवंटी घासून कापडाला चकाकी आणली. मला काम दिलं होतं बटणं लावायचं आणि काढायचं, दिवसभर, म्हणजे काजं वापरातली दिसतील. मी लावत होते, काढत होते. माझ्याच हातची काजं माझ्याच हातानं जुनी करत होते आणि मनातून मला फार श्रीमंत वाटत होतं. इस्त्रीची धार शेवटी मास्तरांनी स्वतः मोडली. पाणी शिंपडलं, कोट गुंडाळला आणि उशाला घेऊन दुपारचे झोपले. झोपले म्हणजे डोळे मिटून पडले. मशीनचा आवाज नसलेली ती दुकानातली पहिलीच दुपार.

मास्तरीण निघाली तेव्हा बोटाची सूज उतरायला लागली होती, पण लिंबू तिनं काढलं नाही; तापाचा पुरावा म्हणून बरं. कोट गाठोड्यात होता, बांद्याला पोचल्यावर अंगात चढवायचा. आईनं वाटेत खायला घावन आणि गूळ बांधून दिला. एसटीत ती खिडकीशी बसली. मास्तर खिडकीखाली उभे राहून तिला काहीतरी सांगत होते, हातानं खांदा दाखवून. गाडी सुटेपर्यंत ते खांद्याबद्दलच बोलत होते.

मग काही कळलं नाही. लग्नाचा दिवस आला आणि गेला. त्या सकाळी मास्तरांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला आणि मशीनवर बसले. आईनं त्यांना गोड करून पाठवलं. त्यांनी ते ठेवून घेतलं, पण खाल्लं की नाही कोणास ठाऊक. ती पोचली का, कोट पोचला का, नाक्यावर कोणी काय विचारलं, काही बातमी नाही. आणि मग पाऊस लागला आणि हद्दीवरची वाट आणखीच बंद झाली.

तो सगळा पावसाळा दुकानाची काजं मी केली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी सकाळी रस्ता ओलांडून जायचे आणि तिच्या स्टुलावर बसायचे. मास्तर कोट पुढे सरकवायचे, मी करून परत सरकवायचे, ते अंगठा फिरवायचे. काही वेळा कोट परत माझ्याकडे यायचा. त्यात बोलण्यासारखं फार नसायचं. एकदाच, पागोळ्यांच्या आवाजात, ते आपणहून म्हणाले, "तिका नाक्यार अडायली आसत जाल्यार?" मी काय सांगणार? मी म्हटलं, "नसेल अडवली. तिला कोण अडवणार?" ते बराच वेळ सुईत दोरा घालत राहिले, आणि शेवटी सुई माझ्याकडे दिली.

वडील जाता-येता पडवीत डोकवायचे. "काय, काज चाललंय?" असं विचारायचे, आणि मला कळायचं नाही की ते कुठल्या काजाबद्दल विचारताहेत. ती शिवण, ते काम, की रस्त्यापलीकडच्या घरातलं एकटं माणूस. मी "हो" म्हणायचे. तेवढ्या एका शब्दात सगळं भागत होतं, आणि त्या शब्दाचे मी तेव्हापासून उपकार मानते. आम्हा माणसांना जे बोलायला जमत नव्हतं ते तो आपला दोन अक्षरांत वाहून न्यायचा.

गणपती होऊन गेल्यावर एके दिवशी, उन्हं नुकती पडायला लागली होती, मास्तरीण आली. कुठून कुठून फिरून आली ते तिनं नंतर सावकाश सांगितलं. पायात चिखल, डोक्यावर गाठोडं, बोट बरं झालेलं. आम्ही सगळे धावलो. आई, वडील, मी. सारंगचाचा बोटीवर परत गेले होते, पण त्यांच्या घरची माणसं आली. सगळ्यांना सगळंच एकदम विचारायचं होतं, म्हणून कोणीच काही विचारेना.

मास्तर मशीनवरून उठले नव्हते. पायडलवर पाय तसाच. त्यांनी विचारलं, "कोट पावलो?"

"पावलो," ती म्हणाली. नाक्यावर शिपायानं तिला विचारलं होतं, एवढ्या उन्हात कोट का? ती इतकी घाबरली होती की ताप सांगायचा विसरली, पण दातच वाजायला लागले. शिपाई दोन पावलं मागे सरला आणि म्हणाला, जा बाई, लवकर घरी जा.

"आनी खांद्यार?" मास्तरांनी विचारलं. "खांद्यार कसो बसलो?"

तिनं गाठोडं खाली ठेवलं. त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या खांद्यावर आपला हात सपाट ठेवला, मानेपासून दंडापर्यंत एकदाच फिरवला. "असो," ती म्हणाली.

मास्तरांनी मान हलवली. मग चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले.

खरं म्हणजे मी तेव्हा गप्प बसायला हवं होतं. पण मला राहवलं नाही. मी विचारलं, "आणि काजं?"

मास्तरीण माझ्याकडे वळली. ती हसायला लागली. "काजां? काजां कोणें पळयलीं गो बाय? लोक नवऱ्याक पळयताले. कोट बरो म्हणताले. काजांचें नांवूय कोणें काडलें ना."

मी घरात गेले आणि रडले. आई पाठोपाठ आली.

"आता तुला काय झालं?"

"काजं कोणी बघितलीच नाहीत," मी म्हटलं.

"मग बरंच झालं की गो," आई म्हणाली, आणि तिनं हातातल्या फडक्यानं माझं तोंड पुसलं.